टिकलीने आज वाटी झाकली

बुधवार, २ जुलै, रात्रीचे पावणेबारा

आज सकाळी टिकलीने वाटी हुंगली आणि पुढच्या पायाने वाटीभोवतीची फरशी खरवडायला लागली. खर्र खर्र. ती तिच्या वाळूत शी केल्यावर करते ना, अगदी तसंच. एकदा इकडून, एकदा तिकडून, फरशीवर माती कुठून येणार, तरी ओढतच होती, आणि झाकून झालं असं वाटल्यावर पाठ फिरवून बाल्कनीच्या दाराशी जाऊन बसली. मी साडेपाचला उठून बाल्कनीतल्या इंडक्शनवर चिकन उकडलं होतं. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर नाहीच, ते मांजरांना विषारी असतं. बारीक तंतू सोडवले, त्याच्याच कोमट पाण्यात कालवले. आणि तिने ते घाण झाकतात तसं झाकलं.

एवढ्याशा गोष्टीचं मला दिवसभर रडू येतंय. ऑफिसात दोनदा वॉशरूममध्ये जाऊन आले. लेक म्हणाली, अगं आई, जंगलातली मांजरं उरलेली शिकार अशी लपवून ठेवतात, नंतर खायला, तुझा अपमान नाही केला तिने. असेल. पण नंतरसाठी लपवायचं तर आधी घासभर तरी पोटात जायला हवं. तिने जीभसुद्धा नाही लावली.

दर सोमवारी वजन करते. ९ जूनला आणली तेव्हा ५८० ग्रॅम. १६ ला ६४०. २३ ला ६७०. परवा ३० ला ६६५. म्हणजे वाढलं नाहीच, पाच ग्रॅमने कमी. डॉक्टर म्हणतात या वयात दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम तरी वाढायला पाहिजे, आठवड्याला शंभरच्या आसपास. मी तीनदा परत परत ठेवली काट्यावर, दर वेळी तेच.

काय काय करून झालं ते आज लिहूनच काढते, म्हणजे माझं मला कळेल. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मायेने दूध-साखर दिली, वर पोळीचा चुरा. ती थोडं प्यायली आणि रात्रभर जुलाब. दूध सुटलं की पिल्लांना दुधातली साखर पचेनाशी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि वरची साखर तर वायाच, मांजराला गोड कळतच नाही, गोडाची चव ओळखणारं जीन त्यांच्यात बंद पडलेलं असतं, २००५ साली शोधून काढलंय ते. म्हणजे आपण ज्याला लाड म्हणतो ते तिच्यापर्यंत पोचतच नाही. मग पिल्लांचं तयार खाणं, तीन प्रकारचं. त्यातला रस चाटला, फोडी तशाच. कोरडे दाणे भिजवून दिले, पंजाने एकेक बाहेर काढून त्यांच्याशी खेळली. उकडलेलं अंडं नाही. मिशा काठाला टेकत असतील म्हणून वाटीच्या जागी बशी आणली, मग परत वाटी. खाणं कोमट असलं की वास सुटतो आणि मांजर वासावरच खातं, म्हणून गरम पाण्यात वाटी ठेवून, बोटाने बघून, आपल्या अंगाइतकं कोमट करून दिलं. एक दिवस तर मी फरशीवर आडवी झाले, तिच्या उंचीवर, बोटाला लावून पुढे केलं. तिने बोट हुंगलं आणि तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणं मला बघवत नाही. मान थोडी डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, ओठ घट्ट.

ते आत्ता नको.

सासूबाई म्हणतात, एक दिवस उपाशी ठेव, येईल आपोआप वळणावर, आमच्या वेळी घरोघरी मांजरं होती, कोण एवढी विचारपूस करत होतं. त्यांचा जीव आहे तिच्यावर, दुपारी त्यांच्याच पदरावर झोपते ती. पण मी डॉक्टरांना विचारलं तर ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, मोठं मांजरसुद्धा दोन-तीन दिवस न खाता राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, आणि एवढ्याशा पिल्लाची तर साखर खाली जाते, त्याला उपाशी ठेवायचंच नाही. दूध-पोळीवर वाढवू का, तीच काय ती थोडीफार खाते, विचारलं, तर तेही नाही. मांजराला टॉरिन नावाचं काहीतरी मांसातूनच मिळावं लागतं, ते नसेल तर डोळे जातात, हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचं तर १९८७ पर्यंत कुणाला कळलंही नव्हतं, तोवर मांजरं का जातायत तेच समजत नव्हतं म्हणे. मी घरी येऊन सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मग तुला काय शिजवायचं ते शिजव बाई, बाल्कनीत शिजव. अकरा वर्षांत या घरात अंडं आलं नव्हतं. टिकलीमुळे चिकन आलं. आणि तेही ती खात नाही.

मला आज प्रामाणिकपणे असं वाटतंय की माझ्याच हातात काहीतरी आहे. ती सासूबाईंच्या पदरावर झोपते, लेकीच्या खांद्यावर चढते, ह्यांच्या चपलेशी खेळते, आणि माझ्याकडे फक्त खाणं आहे आणि तेच तिला नको. सगळ्यांनी तिच्याशी खेळायचं आणि मी वाटी घेऊन मागे मागे. मी पुढे केलं की नको. आधीही असंच झालंय माझ्याबरोबर. मी चमचा धरून बसायचे आणि अर्धा अर्धा तास तसाच जायचा आणि मग वरणाचं पाणी गार व्हायचं. मी तिच्यावर चिडलेसुद्धा होते एकदा. मरू दे.

दुपारी वहिनीला फोन केला. खरं तर आमसुलांचं काहीतरी विचारायला, पण तिने हॅलो म्हणताच मी टिकलीचंच सुरू केलं, खात नाही, वजन वाढत नाही, नखरे करते, वहिनी मी काय करू. तर वहिनी म्हणाली,

"अहो ताई, तिची आई जवळ्याशिवाय कशाला तोंड लावायची नाही. आईंनी लाडावून ठेवलेली ना ती. आई गेल्यावर ती रोज सकाळी मागच्या दाराशी येऊन बसायची, मग मीच टाकत राहिले मूठभर. पिल्लं पण तिच्या बाजूला बसून तेच चघळायची. तुम्ही जवळा दिलात की नाही?"

नाही दिला. सुकवलेली बारीक कोळंबी ती, नाहीच दिली.

मला हे कसं माहीत नव्हतं? म्हणजे ती पांढरी-काळी मांजरी मला माहीत होती, फोनवर आई बोलत असताना मधेच हाड हाड करायची ते मला ऐकू यायचं, मला वाटायचं हाकलतेय. वर्षश्राद्धाला गेले तेव्हा ती मांजरी आदल्याच आठवड्यात रस्त्यावर गाडीखाली गेली होती आणि हे एक पिल्लू मोरीमागे ओरडत होतं. बाकीची दोन कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. मी उचललं आणि घेऊन आले, कुणाला विचारलंसुद्धा नाही.

आणि जून म्हणजे माहेरी हर्णैला सगळं बंदच असतं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला मनाई, लिलावाची जागा मोकळी, वाळूवर नुसत्या होड्या. ताजं काही नाही. घराघरात सुकट. पिल्लांचं दूध सुटायची वेळ आणि सुकटीची वेळ एकच आली. टिकलीने आयुष्यात पहिला घास जो बघितला असेल तो जवळ्याचा.

मग संध्याकाळी बसमध्ये वाचत होते. १९७८ साली कुणीतरी एक प्रयोग केला होता, मांजरींना शिकवून केळी खायला लावली होती. केळी! आणि त्यांची दूध सुटणारी पिल्लं, समोर मांस ठेवलेलं असताना, आईबरोबर केळीच खायला लागली, आणि आई बाजूला नसतानाही खात राहिली. आई जे खाते ते खाणं. बाकी ते कितीही चांगलं असो. मी बसमध्ये तो परिच्छेद चार-पाच वेळा वाचला, माझा स्टॉप पुढे गेला आणि मी स्वारगेटहून चालत मागे आले पावसात, आणि सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात एवढंच की मी तिला नखरेल म्हणत होते. तीन आठवडे. फोनवर सगळ्यांना सांगत होते, अगं फार नखरे. ती बिचारी आपल्या आईने शिकवलं तेवढंच धरून बसलेली, कारण दुसरं कुणी शिकवायच्या आत ती गेली. आणि तिच्या आईला कुणी शिकवलं, तर.

हो.

बाल्कनीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात वहिनीने दिलेली पिशवी आहे. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, आणि तळाशी तीन पिशव्यांत गुंडाळलेली जवळ्याची पुडी. टिकली आली तेव्हापासून त्याच कपाटाशी नखं मारते, आम्ही म्हणत होतो तिला लाकूड खरवडायला आवडतं, लेकीने दोरी गुंडाळलेला खांबसुद्धा आणला तिच्यासाठी. आज सकाळी वाटी झाकून ती कुठे जाऊन बसली? बाल्कनीच्या दाराशीच. मला दिसत होतं आणि दिसलं नाही. पुडी मी उघडलीच नव्हती. सासूबाईंमुळे नाही. त्यांनी कधी मला खाऊ नकोस असं म्हटलेलं नाही, मीच सोडलं. आणि गेल्या वर्षापासून तर मला तो वास नकोच झालाय. आईने शेवटी एकदाच काहीतरी मागितलं होतं, जवळ्याची चटणी दे गं थोडी, आणि मी म्हणाले, आई, मीठ बंद आहे ना. डॉक्टरांनी सांगितलेलंच सांगितलं मी. बरोबरच होतं ते.

तर साडेसातला पुडी उघडली. वास आला तो आला. सासूबाई देवघरातून उठून आल्या, म्हणाल्या, कसला गं वास? मी म्हणाले, जवळा. टिकलीसाठी. त्यांनी पदर नाकाला लावला, जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, रविवारी एकादशी आहे, चातुर्मास लागेल, त्याच्या आत काय ते जमवून घे, आणि दार लावून घे बाल्कनीचं. रागावून नाही म्हणाल्या.

डॉक्टरांना आधी मेसेज करून विचारलं होतं. नुसता जवळा द्यायचा नाही, मीठ असतं आणि त्याने पोषण पुरं होत नाही, पण सवयीचा वास म्हणून चिमूटभर चालेल, धुवून, आणि दर दिवशी कमी कमी करत न्यायचा. म्हणून दोन बोटांत मावेल एवढाच घेतला. तीन पाण्यांतून काढला, तळाशी रेती बसली ती टाकली, घट्ट पिळला, बोटांनी चुरला आणि सकाळच्याच चिकनमध्ये कालवला. हेच ते झाकलेलं चिकन, फ्रिजमधून काढून कोमट केलेलं.

वाटी खाली ठेवायच्या आत ती माझ्या मनगटावर चढली होती. मग वाटीत डोकं घातलं आणि गुरगुरायला लागली. इतकीशी, सहाशे पासष्ट ग्रॅम, आणि घशातून वाघासारखा आवाज, खातेय आणि गुरगुरतेय, कान मागे, एक पंजा वाटीत. मी हात जरा पुढे केला तर माझ्यावरच गुरगुरली, हे माझं आहे. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले. निम्म्याहून जास्त खाल्लं. मधे मधे थांबून आजूबाजूला बघायची. कुणाला शोधत होती का, मला माहीत नाही, पण मला तसं वाटलं आणि मी ते पुसून टाकत नाही.

सकाळी मला वाटत होतं की ती मला नको म्हणतेय. ती माझ्याबद्दल काहीच म्हणत नव्हती. आत्ता खाल्लं तेही माझ्यासाठी नाही, माझ्या हातचं म्हणून नाही, जवळ्याचं म्हणून खाल्लं, आणि मला चालतंय ते. मला खरंच चालतंय. सकाळपासून जे छातीत अडकलं होतं ते सगळं गेलं असं नाही म्हणणार, चटणीचं तर तसंच आहे, पण तिचं पोट आत्ता गोल झालंय, हाताला लागतं, आणि ती माझ्या पायाशी पहिल्यांदाच झोपलीय. लेक म्हणते, तुझ्या बोटांना वास येतोय म्हणून. असेल. मी हात धुतलेले नाहीत अजून.

उद्या चिमटीपेक्षा थोडा कमी. परवा त्याहून कमी. रविवारपर्यंत नुसतं धुतलेलं पाणी शिंपडून चालतंय का बघायचं, नाही चाललं तर सासूबाईंशी बोलेन. सोमवारी वजन. वहिनीला सांगायचंय अजून एक छोटी पुडी पाठव, उन्हात वाळवलेला साधाच जवळा, खारवलेलं काही नको. आणि हे पण विचारायचंय की आई त्या मांजरीला काय नावाने हाक मारायची.