सर्टिफिकेट पाहून बाई ठेवली, काम बघायला नंतर शिकले

मागच्या वर्षी मार्चमध्ये माझ्या सासऱ्यांना, आण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जुळे सोलापुरात घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, दर दोन तासांनी कूस बदला. मी शाळेत शिकवते, हे दिवसभर दुकानात. मग आजाऱ्याची सेवा करायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवली.

पहिल्या मावशींकडे कोर्सचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट होतं. मी तेवढंच पाहिलं. स्वभावाने प्रेमळ, आण्णांशी गप्पा मारायच्या. पण उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायच्या. पेज आडवं ठेवूनच भरवायच्या आणि ठसका लागला की वर पाणी पाजायच्या. एप्रिलचं सोलापूर, खाली रेक्झिन, पाठ सतत घामाने ओली. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर रुपयाएवढी लाली दिसली. बोटाने दाबून सोडलं तरी ती पांढरी होईना. ही जखमेची सुरुवात असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चार दिवसांत कातडी सुटली. ब्युरोवाले म्हणाले, बाई बदलून देतो, डिपॉझिट परत मिळणार नाही.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "कागद नका बघू. एक दिवस शेजारी बसून काम बघा."

दुसऱ्या ताई विडी घरकुल वसाहतीतून आल्या. मी रजा टाकून बसले. हात धुऊन त्यांनी आधी विचारलं, शौचाला कधी झाली, पाणी पिताना खोकतात का. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. खुर्ची ठेवली ती चांगल्या बाजूला. भरवण्याआधी आण्णांना ताठ बसवलं, जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ दिलं नाही. आण्णांची आवडती सोलापुरी चादर मी त्यांच्या खाली घातली होती. ताईंनी ती काढून पायांवर पांघरली. "वीण जाड आहे, कातडीला टोचते. जुनं सुती लुगडं द्या." त्याच लुगड्याची घडी कमरेखाली घालून आम्ही दोघी आण्णांना वर सरकवायला लागलो, न ओढता.

त्यांनी एक वही मागितली. वेळ, कूस, पाणी, लघवी, शौच, कातडी. आठव्या दिवशी त्यात लिहिलेलं होतं : "रात्री २ ते ५.३० झोप लागली. कूस बदलली नाही."

मी आधी चिडले. मग वही मागे चाळली. सात रात्री दर दोन तासांनी नोंद होती आणि दिवसाही त्या जाग्याच होत्या. माणूस एक आणि काम दोघांचं, हे आम्ही कुणी मोजलंच नव्हतं. पहिल्या मावशींनाही आम्ही असंच राबवलं होतं. ते आठवून आजही वाईट वाटतं. त्या रात्रीपासून बारा आणि दोनची पाळी ह्यांची, चारची माझी. ताईंना सलग झोप आणि रविवारी सुट्टी.

जखम भरायला दोन महिने लागले. रविवारची वही आता मी लिहिते. सोमवारी सकाळी आल्या की ताई आधी ती वाचतात, मग उशी सरकवून आण्णांच्या टाचा तपासतात, आणि मी चहा ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहते.