धुरके, डोकॅलिटी आणि कायप्पा

दोन शब्दांची काटछाट करून तिसरा बनवण्याचा खेळ इंग्रजीत जितक्या सहजतेने चालतो, तितका मराठीत चालत नाही, ही तक्रार अनेकदा कानावर येते. तिच्यात तथ्य आहे, कारण जोडताना शब्द अखंड ठेवण्याचे वळण आपल्याला शाळेतच लागते. मध्यमपदलोपी समासातल्या पुरणपोळीत मधले 'भरून केलेली' गळते, पण पुरणही शाबूत राहते आणि पोळीही.

तरीही एक मराठी शब्द मला या खेळातला अव्वल नमुना वाटतो, तो म्हणजे 'धुरके'. लंडनच्या काजळलेल्या हवेसाठी 'स्मोक' आणि 'फॉग' यांतून 'स्मॉग' घडला, तशीच धूर आणि धुके यांतून आपली वृत्तपत्रे लिहितात ते धुरके झाले. मात्र मराठी जोडकाम अधिक सफाईचे आहे. दोन्ही शब्दांच्या आरंभी 'ध' असल्यामुळे इथे काही कापावेच लागले नाही. धुक्याच्या पोटात धुराचा 'र' अलगद सरकला आणि काम झाले. शिवाय 'धुरकट' हे विशेषण आधीपासून घरात असल्याने कानाला नवखेपणाही जाणवला नाही. 'धुरक्यामुळे', 'धुरक्यात' अशी सामान्यरूपे तो विनातक्रार घेतो, आणि नवा शब्द भाषेत मुरला की नाही हे ओळखण्याची माझ्या मते हीच खरी कसोटी आहे.

धुरके गंभीर चेहऱ्याचे आहे. 'डोकॅलिटी' मात्र निखळ वात्रटपणातून आलेली. 'जरा डोकॅलिटी लाव की!' असे मित्राला सुनावताना डोक्यावरचा अनुस्वार उडतो आणि पर्सनॅलिटी, मेंटॅलिटी अशा भारदस्त शब्दांची शेपटी त्याला चिकटते. ईकारान्त असल्याने ती बिनबोभाट स्त्रीलिंगीही झाली. साध्या अकलेला विद्यापीठाचा झगा चढवण्यातच सारी गंमत आहे, म्हणून 'बुद्धी'ला हीच शेपटी लावली तर विनोद उतरत नाही, कारण बुद्धी मुळातच झगा घालून बसलेली असते.

मराठी संकेतस्थळांवर रुळलेला 'कायप्पा' हा माझा विशेष लाडका. 'व्हॉट्स'साठी काय आणि 'अ‍ॅप'साठी अप्पा, एवढाच हिशेब; पण ऐकताना ओटीवरच्या एखाद्या अप्पांना 'काय, अप्पा?' अशी हाक मारल्याचा भास होतो. संस्कृत दीर्घसंधीच्या नियमाने इथे 'कायाप्पा' व्हायला हवे होते, परंतु एक आणि एक मिळून जसे 'एकेक' होते, त्याच मराठी रीतीने पहिल्याचा अन्त्य स्वर गळला आणि शब्द सुटसुटीत झाला. ज्यांनी तो घडवला त्यांनी व्याकरणाचे पुस्तक उघडले असेल असे वाटत नाही.

फेसबुकचे 'चेपु' हे चेहरापुस्तकाचे आणि 'थोपु' हे थोबाडपुस्तकाचे रूप. काटेकोरपणे पाहता ही आद्याक्षरे आहेत, मिश्रण नव्हे. पुलं, वपु, गदिमा अशी नावे प्रेमाने घेणाऱ्या भाषेला ही वाट अधिक सोयीची वाटली, यात नवल नाही. दोहोंत थोपु सरस, कारण तिथल्या एकूण वर्तनाला चेहऱ्यापेक्षा थोबाडच शोभते.

बॉलिवूडसारखे शब्द आपण आयते घेतले. 1995 मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले तरी त्या शब्दातला बॉम्बेचा 'बॉ' कोणी हलवू शकले नाही. 'मॉलिवूड' म्हणावे तर ते मल्याळम चित्रसृष्टीने आधीच घेतलेले.

या सगळ्यात 'जालनिशी'ची मात्र मला कीव येते. रोजनिशीतला 'रोज' काढून 'जाल' बसवणारा हा शब्द अर्थाला चोख, उच्चाराला सोपा आणि विभक्तीलाही अनुकूल आहे, तरी 'ब्लॉग'पुढे त्याचा टिकाव लागला नाही. त्यात चूक शोधायचीच तर एवढीच, की तो उच्चारताना कोणाला हसू येत नाही.