मेटलचा व्हॉल्व्ह की टिश्यूचा

गेल्या महिन्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा माझ्या हृदयातल्या मायट्रल व्हॉल्व्हचं, म्हणजे एका झडपेचं, तोंड ०.९ आलं, म्हणजे चौरस सेंटिमीटर, धडधाकट माणसाचं ४ ते ६ असतं. डॉक्टर म्हणाले आता परत फुग्याने व्हॉल्व्ह उघडून भागायचं नाही, कॅल्शियम साचलंय आणि लीकेजही वाढलंय, व्हॉल्व्ह बदलायलाच लागणार. आणि मग म्हणाले मेटलचा बसवायचा की टिश्यूचा ते घरी बोलून तुम्ही ठरवा. मी ११ वर्षांची असल्यापासून दवाखान्याच्या पायऱ्या चढतेय पण 'तुम्ही ठरवा' हे मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं आणि खरं सांगते, त्या रात्री झोप लागली नाही.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. लहानपणी घसा धरला, ताप आला, तो गेला आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, गुडघा उतरला तर घोटा, मग मनगट. सगळे म्हणाले वाताचं आहे, लेप लावा. तो र्‍हुमॅटिक फीवर होता. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच हृदयाच्या झडपांवर उठतं, सांधे बरे होतात पण झडपा हळूहळू जाड होत चिकटत जातात. तेव्हापासून तो ताप परत येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिड्युरचं (पेनिसिलिनचं) इंजेक्शन, कमरेत, औषध घट्ट आणि सुई जाड, दुसऱ्या दिवशी लंगडत शाळेत जायचे. लग्नानंतर दीड वर्ष मी ते घेतलंच नाही कारण नव्या घरात दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचंय हे सांगायची लाज वाटायची. तुमच्या ओळखीत कुणा पोरीला हे इंजेक्शन चालू असेल तर कृपा करून तिला ते चुकवू देऊ नका. २४ व्या वर्षी जांघेतून नळी घालून फुग्याने व्हॉल्व्ह उघडला, १.८ झाला, त्यानंतरच माझी लेक झाली. आता मी ३६ ची आहे.

आता दोन्ही व्हॉल्व्हचं मला जे समजलंय ते. मेटलचा टिकतो, बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने बनवलेला चित्रा व्हॉल्व्ह १९९० पासून माणसांना बसवतायत, मला ते वाचून फार बरं वाटलं. पण मेटलवर रक्त गोठू शकतं म्हणून रक्त पातळ करायची गोळी कायमची, मरेपर्यंत. टिश्यूचा व्हॉल्व्ह गाईच्या हृदयाच्या आवरणाचा नाहीतर डुकराच्या झडपेचा असतो. (हे आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, कसं सांगायचं याची मला धास्ती होती. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "जीव वाचतोय तर कशाचा का असंना.") त्याला सुरुवातीचे काही महिने सोडले तर गोळी लागत नाही, पण तो झिजतो, १०-१५ वर्षं धरून चाला आणि तरुण शरीरात त्याच्याही आधी. म्हणजे पन्नाशीच्या आसपास परत छाती उघडायची, आणि दुसऱ्यांदा उघडताना आत सगळं चिकटलेलं असतं त्यामुळं धोका जास्त.

माझं मन पहिल्यापासून टिश्यूकडं होतं आणि त्याचं कारण व्हॉल्व्ह नव्हतंच, कारण होतं दुसरं मूल. पहिल्या तीन महिन्यांत, खास करून ६ ते १२ आठवड्यांत ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते, त्याऐवजी दिवसातून दोनदा रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं घ्यायची तर मेटल व्हॉल्व्हवर रक्ताची गाठ धरायची भीती. टिश्यूचा बसवला की हा प्रश्नच येत नाही असं मी धरून चालले होते, नवऱ्यालाही तसंच सांगितलं, तोही खूश झाला.

मग तिसऱ्यांदा सर्जनना भेटले तेव्हा वहीत प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी शांतपणे फाईल उलटी करून माझ्यासमोर ठेवली आणि ईसीजीवर बोट ठेवलं. दोन वर्षांपासून माझे ठोके अनियमित आहेत, एट्रियल फिब्रिलेशन, आणि त्याच्यासाठी तीच रक्त पातळ करायची गोळी म्हणजे अ‍ॅसिट्रॉम मी आत्ताच घेतेय की! टिश्यूचा बसवला तरी ती सुटेलच असं नाही. ऑपरेशनमध्येच ठोक्यांसाठी काहीतरी करता येतं पण हृदयाचा वरचा कप्पा इतका फुगलाय की खात्री देत नाही म्हणाले. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) न तपासता घ्यायच्या नव्या गोळ्यांचंही विचारलं, तर र्‍हुमॅटिकच्या पेशंटवर २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात जुनीच गोळी सरस ठरली. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मी पुढचं दुसरं ऑपरेशन अंगावर घ्यायला तयार होते ती गोष्ट माझ्या हातात येईल की नाही हेच नक्की नव्हतं. मला तिथंच रडू आलं.

अ‍ॅसिट्रॉमबरोबर जगणं कसं असतं ते मला माहितीय म्हणून मेटलची मला तशी भीती नाही. लॅब २२ किलोमीटरवर, महिन्यातून एकदा तरी एसटीने जायचं, आकडा वहीत लिहायचा. पालक, मेथी, शेवग्याचा पाला बंद करायचा नसतो, एका मापानं खायचा असतो, हे मला वर्षभरानं कळलं, तोवर मी उगाच हिरवं पानसुद्धा खात नव्हते. मागच्या पावसाळ्यात पोट बिघडलं म्हणून मेडिकलमधून विचारून मेट्रोनिडॅझोल घेतली, मी अ‍ॅसिट्रॉमवर आहे हे ना मी सांगितलं ना त्यांनी विचारलं, पाच दिवसांत आयएनआर ५.८ आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आत्ता २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, मेटल बसल्यावर २.५ ते ३.५, म्हणजे अजून काटेकोर, गोळी एक दिवससुद्धा विसरायची नाही.

दुसऱ्या मुलाचं आम्ही दोघांनी रानात बांधावर बसून बोललो, घरात बोलता येत नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आपल्या पोरीला आई पाहिजे." मलाही तेच म्हणायचं होतं पण त्याच्या तोंडून यायला हवं होतं. आत्यांना अजून सांगितलेलं नाही, त्यांना नातू हवाय हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत पण मला कळतं, आणि ते मीच सांगणार आहे, त्याच्यावर ढकलणार नाही.

तर मेटलचा. सर्जनना काल फोनवर सांगितलं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतंय, आधी दीड लाखाची मर्यादा होती ती आता ५ लाख झालीय, कागदपत्रं दिलीत. पण तारीख मिळायच्या आधी दात दाखवून यायला सांगितलंय कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. माझी खालची डावी दाढ वर्षभर ठणकतेय, ती मंगळवारी काढायचीय. त्याआधी अ‍ॅसिट्रॉम चालू ठेवायची की कमी करायची हे विचारायचं वहीत लिहून ठेवलं होतं आणि नेमकं तेच राहिलं, उद्या सकाळी ओपीडी सुरू झाली की पहिला फोन तोच करते.