ग्राहकांचा तक्ता

मी सॉफ्टवेअर लिहिते. बहुतेक काम हिशेबाचं: पगार, साठा, बिलं, एजंटांचं कमिशन. त्यामुळे एका नेटवर्क मार्केटिंग कंपनीची जुनी सिस्टिम काढून नवी बसवायचं काम आलं, तेव्हा ते माझ्याच टेबलावर आलं.

प्लॅन बायनरी होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक सभासदाच्या खाली दोनच जागा, एक लेफ्ट आणि एक राइट. नवा माणूस कंपनीच्या मालाचं किट विकत घेऊन येतो आणि कुठल्या तरी रिकाम्या जागेवर बसतो. तुमच्या डाव्या बाजूच्या एका माणसाला उजव्या बाजूचा एक माणूस मिळाला की जोडी झाली, आणि जोडीमागे कमिशन. त्यात कितीही खालच्या पातळीवरची माणसं धरतात. एक लेग, म्हणजे एक बाजू, वाढली आणि दुसरी खुंटली, तर जोडी न मिळालेले जास्तीचे पॉइंट महिनाअखेरीस फ्लश होतात, म्हणजे बुडतात. शिवाय दर महिन्याला स्वतः ठरावीक खरेदी करावी लागते. नाही केली तर आयडी, म्हणजे सभासदाचं खातं, बंद आणि पेआउट, म्हणजे मिळायचे पैसे, अडकलेले.

तो दिवस चाचणीचा होता. दुपारी क्लायंटकडची मंडळी येणार होती, म्हणून सकाळी मी डमी डेटा तयार केला: 12 पातळ्यांचं पूर्ण भरलेलं झाड, एकूण 4,095 माणसं. किटची किंमत 100 धरली, जोडीमागे कमिशन 10. पेआउटचं मॉड्यूल चालवलं आणि आकडे कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहिले. जमा 4,09,500, वाटप 2,04,810. बरोबर आलं.

मग मी रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवला. कमिशनच्या कुठल्याही कामात मी तो टाकतेच, कारण चूक असेल तर तिथे लगेच दिसते. मिळालेले पैसे वजा भरलेले पैसे, म्हणजे निव्वळ. 4,095 पैकी 255 जण फायद्यात आले आणि 3,840 जण तोट्यात. शंभरातले जवळजवळ चौऱ्याण्णव.

आधी वाटलं, लूपमध्ये काहीतरी गडबड आहे. मग हातानेच मांडून पाहिलं. सगळ्यात खालच्या पातळीवर 2,048 माणसं, जोडी एकही नाही. त्यांच्या वरच्यांना एकेक जोडी, त्याच्या वरच्यांना तीन-तीन, त्याच्या वरच्यांना सात-सात. किटचे पैसे निघायला लागतात दहा जोड्या. म्हणजे खालच्या चार पातळ्या तोट्यातच राहणार, आणि या चार पातळ्यांतच जवळपास सगळं झाड आलं. मी तेरावी पातळी भरली. माणसं 8,191 झाली, फायद्यातले 511 झाले, प्रमाण होतं तेवढंच राहिलं. कालपर्यंत तोट्यात असलेल्या 256 जणांचे पैसे निघाले, पण त्यासाठी 4,096 नवे लोक तळाला येऊन बसले होते.

इथे मी बराच वेळ थांबले. माझ्या झाडात कुणी आळशी नव्हतं. कुणी अर्ध्यात सोडलं नव्हतं, एकही जागा रिकामी नव्हती, एकही पॉइंट फ्लश झाला नव्हता, दरमहा खरेदीचा खर्च तर मी धरलाच नव्हता. सगळ्यांनी शंभर टक्के मेहनत केली असं गृहीत धरूनही चौऱ्याण्णव टक्के लोक बुडाले होते. प्रत्यक्षातली झाडं इतकी सरळ वाढत नाहीत. एक लेग लांबलचक, दुसरी लुळी, असंच बहुधा असतं, आणि तिथे हिशेब याहून वाईट होतो.

दुपारी कंपनीचे संचालक आले. त्यांच्याबरोबर सभासदांच्या तक्रारी बघणाऱ्या एक ताई होत्या. स्वभावाने मनमोकळ्या, स्वतःही सभासद. मी डेटाबेसची रचना दाखवत होते: सभासदांचा तक्ता, किटचा, पॉइंटचा, रँकचा, पेआउटचा. मी विचारलं, "सर, बाहेरच्या ग्राहकाला माल विकला तर त्याची नोंद कुठे घ्यायची? ग्राहकांचा तक्ता जुन्या सिस्टिममध्ये सापडत नाहीये मला."

ते म्हणाले, "त्याची गरज नाही. आपले सभासद हेच आपले ग्राहक."

"म्हणजे सभासद न होता कुणी माल घेतच नाही?"

"घेत असतील. आपण मोजत नाही. पॉइंट तर जॉइनिंगला आणि सभासदाच्या खरेदीलाच मिळतात ना."

माझ्या लेखी सगळा विषय या उत्तरात आला. ओळखीतल्या माणसाकडून माल विकणं यात मूळचं काही वाईट नाही. माल चांगला असेल, किंमत रास्त असेल आणि ज्याला धंद्यात रस नाही असा माणूस तो वापरायला विकत घेत असेल, तर कमिशन त्या गिऱ्हाइकाच्या पैशातून येतं. पण असं गिऱ्हाईकच नसेल, तर कमिशन येतं मागून आलेल्या सभासदाच्या खिशातून. त्या वेळी किटमधला माल हा प्रवेश फीवर गुंडाळलेला कागद असतो.

कायद्यानेही वेळोवेळी इथेच बोट ठेवलं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 1975 साली कॉस्कॉट कंपनीच्या प्रकरणात पिरॅमिड योजनेची ओळख सांगितली ती हीच: पैसे भरून विक्रीचा हक्क घ्यायचा, आणि सोबत माणसं आणल्याबद्दल मोबदला मिळवायचा, ज्याचा खऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नाही. 1979 साली ॲमवेला त्यांनी पिरॅमिड ठरवलं नाही. न खपलेला माल परत घ्यायचा, घेतलेल्या मालातला 70 टक्के खपवायचा, महिन्याला 10 ग्राहकांना विकायचं, असे नियम तिथे होते. कमाईच्या फुगवलेल्या दाव्यांबद्दल मात्र त्याच निकालात कंपनीला दोषी धरलं. 2016 साली हर्बालाइफ या अशाच कंपनीने त्याच संस्थेशी 20 कोटी डॉलर भरून तडजोड केली, तेव्हाची अट तर माझ्या कामाला थेट लागू पडणारी: मोबदल्यातला किमान दोन तृतीयांश भाग नोंद असलेल्या, पडताळलेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला हवा. ही पडताळणी करायला ग्राहकांचा तक्ता लागतो. तो नाही, म्हणजे विक्री बाहेर होते की आतल्या आत, हे कंपनीला स्वतःलाही सांगता येणार नाही. भारतातल्या 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिडला मनाई केली आहे.

संचालकांना मी सकाळचा रिपोर्ट दाखवला. त्यांचं उत्तर तयार होतं, "मॅडम, कुठल्या धंद्यात सगळे यशस्वी होतात? दुकानं बंद पडत नाहीत का?"

पडतात. पण दुकान बुडालं तर त्या दुकानदाराने भरलेले पैसे त्याला दुकान टाकायला लावणाऱ्याच्या खिशात गेलेले नसतात, आणि एक दुकान चालण्यासाठी पंधरा बुडावीच लागतात असा नियम नसतो. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं. ते रागावले नाहीत. निव्वळचा कॉलम काढायला सांगून पुढच्या मुद्द्यावर गेले.

पुढचा मुद्दा होता बंद पडलेल्या आयडींना आपोआप जाणाऱ्या संदेशांचा. मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता. पहिला संदेश, 'तुमचं स्वप्न तुमची वाट पाहतंय.' पंधरवड्याने, 'तुमच्यानंतर आलेले पुढे गेले. तुम्ही कुठे आहात?' आणि शेवटचा, 'हरणारे कारणं शोधतात, जिंकणारे माणसं शोधतात.'

हे जाणार होते त्या चौऱ्याण्णव टक्के लोकांना. पैसे गेल्यावर त्यांना वर हेही ऐकायचं होतं की दोष तुमचाच. या व्यवसायातला सगळ्यात मोठा अन्याय मला हाच वाटतो. पैशाचं नुकसान माणूस कधीतरी भरून काढतो. पण जे गणितातच अशक्य होतं ते आपल्याच नाकर्तेपणामुळे हुकलं, असं एकदा मनात बसलं की तो तक्रार करत नाही, दुसऱ्याला सावधही करत नाही. तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर पुढची भरती होते.

संचालक फोन घ्यायला बाहेर गेले. चाचणीसाठी जुन्या सिस्टिममधला खरा डेटा आम्ही आणून ठेवला होता. ताई म्हणाल्या, "माझा आयडी टाकते हं, नीट दिसतोय का बघू." त्यांचं झाड उघडलं. चालू आयडी हिरवे, बंद पडलेले राखाडी. हिरवं जवळजवळ काहीच नव्हतं. त्या स्क्रीनवर बोट ठेवून सांगू लागल्या, "ही माझी नणंद. हा मावसभाऊ. ही आधीच्या नोकरीतली मैत्रीण, हल्ली बोलत नाही फारशी." मग म्हणाल्या, "मीच कमी पडले. टीमला धरून ठेवता आलं नाही मला."

मी त्यांना सकाळचं डमी झाड दाखवलं, पूर्ण भरलेलं, आणि खालच्या चार पातळ्या मोजून दाखवल्या. त्यांनी स्वतः पुन्हा मोजल्या. मग म्हणाल्या, "तुमचा तो कॉलम माझ्या आयडीवर लावा." लावला. उणे आकडा आला. तो बघून त्या फारशा हलल्या नाहीत, बहुधा मनात अंदाज असावा. पुढे म्हणाल्या, "आता नणंदेचा लावा." तिचा उणे आकडा ताईंच्या आकड्याहून मोठा होता. त्याच्या शेजारी पेआउटची नोंद होती, नणंद आली त्या महिन्यात ताईंना जोडी लागल्याची. त्यांनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले.

नातं असलं की माणूस हिशेब मागत नाही, तसं करणं त्याला अपमानाचं वाटतं. परका विक्रेता दारात आला तर आपण दहा प्रश्न विचारतो. भावजय आली तर किट घेतो. जाहिरातीवर खर्च करायला नको म्हणून कंपनी हा विश्वास वापरते, आणि तो संपला की त्याची भरपाई तिच्या कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

संध्याकाळी मी आमच्या टीमप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि क्लायंटला मेल लिहायला लावला: ग्राहकांचा तक्ता आणि बाहेरच्या विक्रीची बिलं सिस्टिममध्ये येतील, निव्वळचा कॉलम प्रत्येक सभासदाला स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसेल, आणि ते संदेश आम्ही बसवणार नाही. या अटी मान्य असतील तर काम पुढे नेऊ.

उत्तर आलं की त्यांना तयार सॉफ्टवेअर मिळालं आहे. असं सॉफ्टवेअर बाजारात सर्रास मिळतं. आम्ही काम सोडल्याने त्या कंपनीचं काही अडलं नाही, हे मला माहीत आहे. आता अशा कामाची विचारणा आली की पहिल्याच बैठकीत मी गेल्या महिन्याची, सभासद नसलेल्या ग्राहकांची बिलं मागते. ज्यांच्याकडे ती असतात ते लगेच पाठवतात.