वॅक्स मेल्टला अबोली रंग देताना: माझा अनुभव

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरी केलेले सुगंधी वॅक्स मेल्ट द्यावेत, असे मी ठरवले. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत विजेवर चालणारी कापूरदाणी बहुतेक घरांत आहे आणि तिच्या वाटीत मेणाची ही वडी सहज वितळते. वास मोगऱ्याचा आणि रंग अबोली, एवढे पक्के होते. वासाचे काम लवकर उरकले. अबोलीने मात्र पुरते दमवले.

सोया मेण वितळल्यावर तेलासारखे नितळ दिसते आणि थिजताच दुधाळ होते, त्यामुळे पातेल्यात गडद भासणारा रंग साच्यात फिकट पडतो आणि लाल तर गुलाबीकडेच झुकतो. म्हणून पातेल्यात पाहून रंगाचा निवाडा करायचा नाही, असा नियमच मी करून घेतला. पांढऱ्या कागदावर थेंबभर मेण थिजू दिले की अंदाज येतो. पण वडी जाड असल्याने खरा रंग तिच्यातच दिसतो, आणि तोही ट्यूबलाइटखाली नव्हे, तर सकाळी खिडकीपाशी.

खाण्याचा द्रवरूप रंग पाण्यात मिसळणारा असतो; मेणात तो गोळा होऊन तळाशी बसतो. मायकाची, म्हणजे अभ्रकाची, पूडही विरघळत नाही, शिवाय मोगऱ्याच्या वडीला चकाकी हवीच कशाला? मी मेणबत्तीसाठी मिळणारे, तेलात विरघळणारे लाल आणि पिवळे रंग घेतले. थेंब मोजणे मला पटले नाही, कारण एक थेंब दुसऱ्याएवढा नसतो. त्याऐवजी ९९ ग्रॅम मेणात १ ग्रॅम रंग विरघळवून प्रत्येक रंगाची वेगळी वडी केली. तिचा ५ ग्रॅम कीस घातला की रंग नेमका ०.०५ ग्रॅम पडतो, आणि जमलेली छटा पुन्हा तशीच मिळवता येते.

खरी मेख सुगंधी तेलात होती. व्हॅनिलासारख्या गोड वासातल्या व्हॅनिलिन या घटकामुळे मेण काही दिवसांत तपकिरी होते, हे वाचनात होते, म्हणून विक्रेत्याकडून त्याचे प्रमाण आधीच विचारून घेतले. पण मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचे संयुग असते आणि त्यानेही रंग पालटू शकतो. त्यामुळे रंग न घालता, फक्त तेल मिसळलेल्या काही वड्या मी बाजूला ठेवल्या. त्या हळूहळू पिवळसर झाल्या. अबोलीतला पिवळेपणा बराचसा तेलच पुरवणार, हे त्यावरून उमगले आणि लाल रंग तेवढाच ठेवून पिवळा मी निम्म्याहून कमी केला. ताज्या वड्या त्यामुळे गुलाबी दिसल्या, घरच्यांनी नाकेही मुरडली. आठवडाभरात त्या अबोलीवर आल्या.

बाकी कृती सरळ होती: साधारण ८० अंश सेल्सिअसला रंग, ७० च्या आसपास तेल आणि मग दोन मिनिटे सावकाश ढवळणे. उन्हाने रंग विटतो, म्हणून वड्या वाटपापर्यंत बंद डब्यात ठेवल्या. सोया मेणावर येणारी पांढरट बुरशीसारखी झाक थोडी आली, पण फिकट रंगावर ती डोळ्यांत भरत नाही. पुढच्या वर्षी गडद जांभळा हवा, असा शेजारच्या काकूंचा आग्रह आहे. त्या रंगावर ही झाक लपणार नाही, तेव्हा ती कमी व्हावी म्हणून सोया मेणात पॅराफिन मेण मिसळून पाहण्याचा विचार आहे.