अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणं आता बास

जीआरई (परदेशातल्या उच्चशिक्षणाची), कॅट (एमबीएची) नाहीतर बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणाचाही मोबाईल बघा, दोन-तीन हजार शब्दांची एखादी पीडीएफ असतेच, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि ए पासून सुरू करून डी पर्यंत पोचेस्तोवर ए चे निम्मे शब्द डोक्यातून गेलेले असतात. मला ह्या पद्धतीचा खरंच राग येतो, कारण ह्यात मेहनती पोरंच जास्त भरडली जातात, त्यातही मराठी मीडियमची.

आता 'मिटिगेट' घ्या. यादीत अर्थ असतो 'कमी करणे', मग कुणी 'मिटिगेट द प्राइस' लिहितं, कुणी 'मिटिगेट माय वेट', आणि दोन्ही चूक. हा शब्द रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट असल्यांबरोबरच शोभतो, काहीतरी वाईट होणार असेल आणि त्याची धार कमी करायची असेल तेव्हा. हे यादीतून कधीच कळणार नाही, त्यामुळे शब्द एकटा उतरवूच नका, जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. जीआरईवाल्यांनी तर 2011 मध्येच विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॉलॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखणं) काढून टाकल्या, आता शब्द विचारतात ते वाक्यातल्या गाळलेल्या जागेत नाहीतर उताऱ्यातच, तरी आपल्याकडे रट्टा चालूच आहे.

आणि सुरुवात भारी दिसणाऱ्या शब्दांपासून नको. ॲव्हरिल कॉक्सहेड ह्या न्यूझीलंडच्या अभ्यासक बाईंनी साधारण 35 लाख शब्दांचा अकॅडमिक मजकूर तपासून 2000 साली 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' काढली, 570 शब्दकुटुंबं (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट) आहेत त्यात, आणि अशा मजकुरातले साधारण 10 टक्के शब्द ह्यातलेच असतात. असेस, डिराइव्ह, इम्प्लाय, सस्टेन असले. दिसायला साधे, पण लिहिताना आपण नेमके इथेच अडतो. ही यादीसुद्धा पाठ करायची नाही हां, फक्त आधी कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवायला वापरायची.

उजळणीला अँकी ॲप घ्या, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, त्यात प्रश्नाची छोटी कार्डं बनवता येतात. कार्डावर अर्थ विचारू नका, वाक्य टाका आणि शब्दाची जागा मोकळी ठेवा. शब्द आठवत गेला तर ते कार्ड दर वेळी जास्त दिवसांनी येतं, अडलात तर लगेच परत. वाक्यं इंग्रजी पेपरच्या अग्रलेखातून घ्या, एका लेखातून दोन-तीनच, जास्त हाव नको.