वरची मूठ

परवा मी एक आगाऊपणा केला. आज्जीचं पितळी मापटं तांदळानं भरून डिजिटल काट्यावर ठेवलं. वरून हात फिरवून सपाट केलं तेव्हा 470 ग्रॅम. शीग लावली, म्हणजे काठाच्या वर ढीग केला, 580. मग आज्जी घालायची तशी वर एक मूठ घातली. निम्मी ओट्यावर सांडली, तरी 640. आई मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. काट्याबिगर."

मापटं म्हणजे अर्धा शेर. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा हिशोब आज्जीला तोंडपाठ होता, आणि तो तिनं आयुष्यात एकदाही पाळला नाही. 1956 च्या एक नोव्हेंबरला आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला. राज्य बदललं, माप बदललं. आज्जीचं मापटं मात्र डब्यातून हललं नाही.

तिची जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती. "गांधी बेळगावला आले तेव्हा मी आईच्या पोटात होते," एवढाच पुरावा. काँग्रेसचं ते अधिवेशन 1924 च्या डिसेंबरातलं, म्हणजे जन्म पंचवीसचा धरायचा. खानापूर तालुक्यात जन्मली तेव्हा मुंबई इलाखा होता. पुढं मुंबई राज्य, म्हैसूर, 1973 ला कर्नाटक, आणि 2014 ला बेळगावचं बेळगावी. चौऱ्याण्णव वर्षांत माहेर ते सासर एवढाच तिचा प्रवास. बाकी सगळं तिच्याभोवती फिरत राहिलं.

तिला अख्खी गल्ली आज्जी म्हणायची. मराठीत आज्जी, कन्नडात अज्जी, त्यामुळं भाषेचा प्रश्न निदान आमच्या उंबऱ्यापाशी तरी सुटलेला होता. दारात माणूस दिसलं की "जेवलास काय?" किंवा "ऊटा आतेन्री?" यातलं जे आधी तोंडात येईल ते. उत्तराची वाट बघायची पद्धत नव्हती. उत्तर येईपर्यंत ताट वाढलेलं असायचं.

आता एक गोष्ट सांगतो, जी दहाव्या-बाराव्याला कुणी बोललं नाही. दिलदार माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं. सातवीत असताना माझा नवा रेनकोट तिनं दूध घालणाऱ्याच्या पोराला देऊन टाकला. मी रडलो तर म्हणाली, "तू शाळेला जाऊलालास, शाळेला छप्पर हाय. त्यो पोरगा रानात जाऊलालाय." यावर काय बोलणार? तो पावसाळा मी पोत्याची खोळ घेऊन काढला. कोल्हापूरच्या आत्याला दर सुगीला बासमतीचं पोतं जायचं, एसटीच्या टपावरून. एका वर्षी सीमाप्रश्न पेटला, गाड्या बंद झाल्या. सगळं गाव मोर्चाची भाषा बोलत होतं आणि आज्जी एकच विचारत होती, "पोतं निपाणीला हाय का कोगनोळीला?"

आणि ताट वाढायची आज्जी, पण भाकऱ्या थापायची आई. आज्जीनं "बसा" म्हटलं की आत तव्याखाली पुन्हा जाळ लागायचा. बाहेर पुण्य जमा व्हायचं, आत पिठाचा डबा खरवडायचा. आईनं याबद्दल तक्रार केलेली मी ऐकलेली नाही. तिचा निषेध मापट्यातून चालायचा. आज्जी देवळात गेली की आई तांदूळ मोजताना तळहात असा फिरवायची की वर एक दाणा राहायचा नाही. आज्जी परत आल्यावर ओळखायची. कशी, देव जाणे. "काय मोजूलालीस गे? औषध काय?"

या सगळ्याचा कळस म्हणजे बैलहोंगलकडची ती बाई. आमच्या पश्चिमेच्या अंगाला भात, पूर्वेला काळी माती आणि जोंधळा. त्यामुळं तिकडचा जोंधळा इकडं आणि इकडचे तांदूळ तिकडं, हा जुना व्यवहार. ती वर्षातून एकदा जोंधळ्याचं गाठोडं घेऊन यायची. मापाला माप. तांदूळ महाग, जोंधळा स्वस्त, म्हणजे मुळातच आमचा तोटा. त्यात आज्जीची शीग, आणि शिगेवर मूठ. दादांनी एकदा कागदावर गणित मांडून दाखवलं. आज्जीनं तो कागद घेतला, त्याची पुडी केली, आणि तीत त्या बाईला मेथ्या बांधून दिल्या.

2019 च्या पावसाळ्यात आज्जी गेली. सकाळी चहा प्याली, दुपारी नव्हती. त्या वर्षी बेळगावात पाणीच पाणी होतं, तरी माणसं आली, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. आईनं सगळ्यांना चहा केला. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सुगीला ती बाई आली. तिला दारातच कळलं. उंबऱ्यावर बसून बराच वेळ रडली, मग पदरानं डोळे पुसून गाठोडं सोडलं. आईनं मापटं आणलं. भरलं, तळहात फिरवला, ओतलं. भरलं, फिरवला, ओतलं. चौथ्या मापट्याला बाईनं पिशवीचं तोंड उघडंच ठेवलं. हलेना.

"अक्का," ती म्हणाली, "म्याल?"

म्याल म्हणजे वर. आईला कन्नड चांगलं येतं, तरी तिनं न कळल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मग आई पुटपुटत उठली, "मेली तरी माझ्या डब्यात हात हायच हिचा," आणि तांदळात मूठ खुपसली.